भांडं मोकळं करा

माझी पिठाची गिरणी रोज दिवेलागणीला एक माणूस येऊन बंद करायचा. वीज कंपनीचा नव्हे, पंचायतीचा नव्हे, पोलीस तर नव्हेच. समोर राहणारा शेजारी. पायात टायरच्या चपला, अंगात बाह्यांचं बनियन, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर असा भाव की ही गिरणी त्याच्या आजोबांनी बांधली आणि दया येऊन मला चालवायला दिली. दारात उभा राहायचा. आधी माझ्याकडं बघायचा, मग गिऱ्हाइकांनी ओळीनं ठेवलेल्या दळणाच्या डब्यांकडं, मग परत माझ्याकडं. मग सरळ आत येऊन खटका पाडायचा. पट्टा फडफडत थांबायचा, पीठ हवेत तरंगत राहायचं, आणि त्या शांततेत हा गृहस्थ अशा आवाजात बोलायचा की पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाईनं मान वर करून बघावं.

"ऐका आता. कुणाकुणाची चूल पेटली ते."

आणि मग गल्लीभर प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. त्यासाठी माझी गिरणी बंद.

सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणायची. तोंडावर आण्णा आणि पाठीमागंही आण्णाच, हे लक्षात घ्या. मला तोंडावर मालक म्हणतात आणि मी वळलो की भुस्सा. सगळी हयात या गल्लीला बारीक दळून दिलं, कुणाच्या ज्वारीत कुणाचा गहू मिसळू दिला नाही, आणि पदरात काय पडलं तर भुस्सा.

आण्णा पूर्वी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. नोकरी संपल्यावर माझ्या गिरणीसमोरच्या दोन खोल्यांत एकटेच येऊन राहिले. बॉयलरवाला म्हटल्यावर त्यांच्या कानांबद्दल गल्लीत ज्या गोष्टी चालायच्या त्या ऐकून माझ्या पोटात दुखायचं. वाफेचं बोलणं त्यांना कळतं म्हणे. तांदूळ बासमती की रेशनचा हे शिट्टीवरून सांगतात म्हणे. एकदा पेठ वडगावात कुणाच्या तरी कुकरची रिंग सैल झाली, तर यांनी इथं उचगावात जेवता जेवता मान हलवली आणि म्हणाले, ‘बदलायला झालीया.’ ही शेवटची गोष्ट मीच रचली होती, टिंगल म्हणून. आठवडाभरात ती फिरून माझ्याकडंच परत आली, आणि सांगणारा शपथेवर सांगत होता की रिंग त्याच्या मेव्हणीच्या कुकरची.

स्वभावाचं म्हणाल तर आण्णा म्हणजे नुसतं तिखट. आमच्याकडं कांडपात लवंगी मिरची कुटताना गल्ली शिंकते, तसं आण्णा नुसते बाहेर पडले तरी लोक नाक सावरायचे. समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडाकडं असं रोखून बघायचे, जणू दाढा मोजताहेत. मान वळवून कुणी काही बोललं की खेकसायचे, "माझ्याकडं बघून बोल. भिताडाशी काय बोलतोईस?" विचारावं एक तर सांगायचे दुसरंच. मी पीठ चाळता चाळता म्हणावं, "आण्णा, आज उकाडा लई हाय." त्यांनी म्हणावं, "उद्या दिलास तरी चालंल." मी याला माज म्हणायचो. गल्ली म्हणायची, आण्णांचं लक्ष दुसरीकडं असतंय, मोठ्या माणसाचं तसंच असतंय.

बरं, आण्णा यायच्या आधी या गल्लीत मोठा माणूस कोण होता, हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो. मंडळाचा अध्यक्ष मी. गणपतीच्या आरतीचं पहिलं ताट माझ्या हातात. नवराबायकोची भांडणं मिटायची ती माझ्या गिरणीच्या कट्ट्यावर, आणि मिटली नाहीत तर मी गिरणी चालू करायचो, म्हणजे निदान ऐकू यायची नाहीत.

मग हायवेच्या पलीकडचा ओतकामाचा कारखाना बंद पडला. गल्लीतली अर्धी घरं त्याच्यावर होती. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. आत काय बिनसलं, कुणाचं बुडालं, काही कळलं नाही. उद्यापासून यायचं नाही, एवढंच कळलं.

आता आमच्या माणसांना एक रोग आहे. उपाशी राहतील, पण उपाशी दिसणार नाहीत. त्या दिवसांत जो तो दारात उभा राहून दात कोरायचा. ‘जेवलासा?’ म्हटलं की ‘व्हय की, आत्ताच. जरा जास्तच झालं.’ एकानं तर काडी इतकी चालवली की हिरडी सुजली आणि खरोखरच जेवता येईना. पोटात काही नसताना ढेकर देण्यात आमच्या गल्लीचा हात धरणारी गल्ली साऱ्या जिल्ह्यात नव्हती.

मी काय हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. चौकात फ्लेक्स लावला. एवढा मोठा की त्याच्यामागं एसटी झाकली जायची आणि गाडी आलीच नाही समजून लोक घरी परतायचे. ‘गरजू कुटुंबांना मोफत धान्यवाटप’, आणि वर माझा फोटो, डोळ्याला गॉगल, हात जोडलेले. खुर्च्या मांडल्या, स्पीकर आणला, पिशव्यांचा ढीग लावला. दिवसभर बसलो. गल्लीतलं चिटपाखरू आलं नाही. एक गृहस्थ तेवढे राजारामपुरीहून पोराला क्लासला सोडून येताना स्कूटर थांबवून विचारून गेले, "घरपोच मिळंल काय?"

संध्याकाळी आण्णा आले. कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडं बघत राहिले.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "पण ह्याच्याखाली उभारून पिशवी घ्यायची म्हंजे आपल्या नावाची दवंडी आपणच पिटल्यागत हाय."

"मग काय बुरखे वाटू काय आधी?" मी दुसरीकडं तोंड करून पुटपुटलो.

"माझ्याकडं बघून बोल."

मी बघितलं, आणि खुर्च्या गोळा करायला लागलो. त्याच संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझ्या गिरणीचा खटका पाडला.

"काय करायलायसा आण्णा? दळण निम्म्यात हाय."

"राहू दे निम्म्यात. सैपाकाची वेळ हाय. तुझ्या ह्या धडधडीत शेजारीण मेली तरी शेजारणीला कळायचं न्हाय."

"आणि माझा धंदा?"

"अर्धा तास बंद ठेव. अर्ध्या तासात तू काय साखर कारखाना काढणार हायस?" मग कट्ट्यावर जमलेल्या सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ऐका. ज्या घरातनं शिट्टी आली न्हाय त्या घरात चूल पेटलेली न्हाय. सरकार विचारंल तवा विचारंल. दारासमोर कोण राहतंय? आपण. मग आपण जायचं."

आणि गेले की. जाण्याची पद्धत बघा. ज्या घरात भरपूर शिट्ट्या झाल्या तिथं आधी शिरायचे आणि वसुलीला आल्यासारखे म्हणायचे, "जास्त केलंय तेवढं काढा." कुणाची नाही म्हणायची छाती होत नसे. ते भांडं घेऊन गप्प घराचं दार असं ठोकायचे की आतल्याला वाटावं, भांडायला आलाय. दार उघडलं की, "ही आमटी खारट झालीया काय, जरा चव घेऊन सांगा." झालं, बाई चव घेणार, आणि खारट नाही म्हणणार, आणि तेवढ्यात आण्णा ओरडणार, "मग ठेवा. भांडं मोकळं करा. मला भांडं आत्ता पाहिजे."

त्या ओरडण्यातली मेख मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा आणखी जळफळलो. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर घालतील, लिंबू घालतील, काहीतरी घालतील. ज्या घरात घालायला काही नाही, त्या घरात ते भांडं फळीवर बसून राहतं आणि घरच्या बाईकडं टकामका बघतं. म्हणून आण्णा भांडं मागं ठेवतच नसत. दारात उभं राहून, घाई करून, शिव्या देऊन भांडं मोकळं करून घ्यायचे आणि निघायचे. आभार मानायलाही कुणाला उसंत मिळायची नाही. ही युक्ती मला सुचली असती तर मी तिचाही फ्लेक्स लावला असता.

आमच्या घरातही फितुरी झाली. माझी बायको, जी माझ्या सख्ख्या भावाला चहा देताना कप निम्मा भरते, ती आण्णांसाठी भाताला एक माप जास्त घालू लागली. मी म्हणालो, "माझ्या धान्यवाटपाला पिशव्या भर म्हटलं तवा तुझी कंबर दुखत होती."

"पिशव्यांवर तुमचा फोटो होता," ती म्हणाली. "गॉगल बघूनच धरली कंबर."

मी फक्त एका गोष्टीची वाट बघत होतो. हा माणूस एकदा तरी चुकला पाहिजे, आणि तेही चार लोकांसमोर.

कट्ट्यापासून दोन घरं सोडून संगीता राहायची. तिचा नवरा त्या कारखान्यात साचे भरायचा. कुलूप लागल्यापासून वडगावच्या बाजारात हमाली मिळेल का बघायला जायचा, आणि बहुतेक दिवशी तसाच परत यायचा. पण संगीताच्या घरची शिट्टी रोज वेळेवर व्हायची. एका संध्याकाळी मी, सलूनवाला आणि आण्णा कट्ट्यावर उभे होतो. तिच्या कुकरनं शिट्टी दिली. सलूनवाला म्हणाला, "झाली बघा संगीताची."

आण्णांनी आमच्याकडं बघितलं. मग तिच्या दाराकडं. ती उंबऱ्यात उभी होती.

"ही पाण्याची हाय," आण्णा म्हणाले आणि चालू लागले.

मला एवढा आनंद झाला की मी सलूनवाल्यालाच काय, जाणाऱ्या भाजीवाल्यालाही हाताला धरून आत नेलं. फजिती बघायला माणसं लागतात.

"काय गं, काय शिजतंय?" आण्णांनी विचारलं.

"भात की आण्णा. झाला बी."

"उघड."

"वाफ जाऊ दे की जरा."

"मी बॉयलरवर हयात काढली. मला वाफ शिकवू नगंस."

झाकण उघडलं. आत पाणी होतं. नुसतं, खळखळ उकळलेलं पाणी. संगीता भिंतीकडं बघत होती. भाजीवाला आपल्या चपलांकडं बघत होता. मी आण्णांकडं बघत होतो, कारण मला अजून आशा होती की ते काहीतरी चुकीचं बोलतील.

आण्णांनी विहिरीत वाकून बघावं तसं कुकरमध्ये बघितलं. म्हणाले, "बरं केलंस. हवा बदललीया, पाणी उकळूनच घ्यावं." मग जरा थांबून, "तापलंच हाय तर आता त्यात तांदूळ टाकून घे." आणि मी जमवलेल्या माझ्याच माणसांसमोर मला म्हणाले, "गिरणीवाल्या, पळ. तांदूळ आण."

आणि मंडळाचा अध्यक्ष पळाला.

त्या दिवसापासून गल्लीत पाण्याची शिट्टी करायची कुणाची प्राज्ञा राहिली नाही. आण्णांना पाणी कळतं, डाळ कळते, सगळं कळतं. त्या धाकानं गल्लीतलं खोटं ढेकर देणंसुद्धा बंद झालं.

एकदा मात्र ते चुकले. राजारामपुरीत दुकानात कामाला जाणारं एक नवराबायकोचं जोडपं कोपऱ्यावर राहायचं. आण्णा म्हणाले, ह्या घरात काही शिजत नाही. आठवडाभर रोज आमटी. मी संशयानं खिडकीतून डोकावलो, तर आत विजेवरचा कुकर. त्याला शिट्टीच नसते. मी ही बातमी गल्लीत अशी फिरवली की पाण्याचा टँकर येत असल्याची बातमी मागं पडली. कट्ट्यावर सगळे जमले. मी विचारलं, "काय आण्णा, आता?"

आण्णा त्या जोडप्यातल्या पोराला म्हणाले, "मग आठवडाभर गप का खाल्लास रं?"

"आण्णा, आमटी नाद खुळा होती," पोरगं म्हणालं.

सगळी गल्ली हसली, आणि मी हेरून आणलेला डाव त्यांच्याच बाजूनं लागला. वर ते जोडपं इतकं ओशाळलं की त्या दिवसापासून सगळ्यात मोठं पातेलं त्यांच्याच घरातून यायला लागलं.

पुढं आण्णांचे गुडघे धरले. तेव्हा एका रविवारी कट्ट्यावर त्यांनी घराला घर लावून दिलं. म्हणजे कुणी कुणाच्या घरची शिट्टी ऐकायची ते ठरवून दिलं. सलूनवाल्याला खात्यापित्या पोरांचं एक मोठं घर मिळालं. शिवणकाम करणाऱ्या बाईला संगीताचं घर. कोपऱ्यावरच्या जोडप्याला तर वरची अख्खी चाळ. मी छाती काढून उभा होतो. मनात म्हटलं, माझं घर सगळ्यात शेवटी सांगणार म्हणजे सगळ्यात अवघड असणार.

"गिरणीवाल्या, तुला माझं घर."

"तुमचं?" मी म्हणालो. "तुमी एकटं जीव. वाटीभर भात खातासा."

"व्हय. त्या वाटीभर भाताची शिट्टी झाली का न्हाय ते तू बघायचं."

लोक हसले. सलूनवाला तर कात्री धरायच्या हातानं पोट धरून हसला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. गल्लीचा भार वाहायला खांदा तयार, आणि वर ठेवलं काय, तर एक वाटी.

पण म्हटलं, ठीक आहे. ऐकतोच आता. असा ऐकतो की यांची एक शिट्टी चुकली तरी सोडत नाही. सून सासूच्या चुका टिपते ना, तसा मी त्या कुकरला टिपत होतो. आणि काय सांगू, घड्याळ लावून घ्यावं असा कुकर. रोज त्याच वेळी, तेवढ्याच शिट्ट्या, आणि लगेच गॅस बंद. मी अधिकच कडवट झालो. चुकतच नाही म्हणजे काय.

मग एका संध्याकाळी आण्णा खटका पाडायला आलेच नाहीत. मी वाट बघितली, आणि शेवटी चरफडत मीच गिरणी बंद केली. शांत झालं, तशी समोरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मग तिसरी. नेहमीची वेळ उलटली तरी शिट्ट्या थांबेनात. मी मोजायचं सोडून दिलं. कुकर अडलेल्या म्हशीसारखा रेकत होता. भाताची खळ झाली असणार, एवढी की गणपतीचा सगळा मांडव चिकटवावा. माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. बायकोकडून आमटीचं भांडं घेतलं आणि रस्ता ओलांडता ओलांडता वाक्य घोळवलं: ‘काय आण्णा, बॉयलरवाल्याच्या घरातच वाफ वाया?’

दार उघडं होतं. आण्णा शेगडीकडं पाठ करून जमिनीवर बसले होते आणि शांतपणे लसूण सोलत होते. त्यांच्या पाठीमागं कुकर असा किंचाळत होता की भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं.

"आण्णा," मी म्हणालो.

ते लसूण सोलत राहिले.

"आण्णा." माझा आवाज चालू गिरणीच्या वरून जातो. त्यांनी मान वर केली नाही.

मग माझी सावली लसणावर पडली. त्यांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडं, माझ्या हातातल्या भांड्याकडं, मग माझी नजर जिकडं होती तिकडं. उठले, गॅस बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. काटे दुपारवरच थांबले होते.

"सेल गेला वाटतं," ते म्हणाले.

मी खाली बसलो. घोळवलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक.

"तुमाला ऐकू येत न्हाय," मी म्हणालो.

"माझ्याकडं बघून बोल."

मी त्यांच्याकडं बघून, एकेक शब्द सुटा करून परत म्हणालो.

"बॉयलरवर सगळी हयात गेली," ते म्हणाले. "तिथनं कान घेऊन परत कोण येतंय?"

"मग संगीताच्या घरची पाण्याची शिट्टी?"

"तिचा डबा किती दिवस तुझ्या ओळीत नव्हता. आणि तुमी दोघं एकदम तिच्या दाराकडं बघितलासा, म्हंजे शिट्टी झाली असणार. आणि ती तुमच्याकडं बघत होती. भात शिजवणारी बाई शिट्टी झाल्यावर कुकरकडं बघती. गल्लीकडं कशाला बघंल?"

"आणि कोपऱ्यावरची जोडी?"

"तिथं फसलो. ती पुड्यातलं पीठ आणाय लागली होती. डबा कसा येणार तुझ्याकडं?"

म्हणजे माझे डबे. रोज दारात उभं राहून हा माणूस माझ्या गिरणीतले डबे बघायचा. कुणाचा आला, कुणाचा निम्माच भरलाय, कुणाचा आलाच नाही. माझ्या गिरणीत, माझ्या नाकासमोर, माझ्या गिऱ्हाइकांच्या डब्यांवर तो गल्लीचा देव झाला, आणि मला अर्ध्या तासाचं दळण बुडवावं लागलं ते वेगळंच.

"मग गिरणी कशाला बंद पाडत होतासा?" मी जवळजवळ रडत विचारलं. "तुमाला काय, चालू काय आणि बंद काय."

"मला न्हवं. तुमाला ऐकू यावं म्हणून."

मग मी शेवटचं विचारलं. "आणि तुमचं घर मलाच का?"

"तू जळतोस माझ्यावर," आण्णा लसणाची सालं गोळा करत म्हणाले. "माझ्या चुलीवर तुझ्याएवढं ध्यान दुसरं कोण ठेवणार?"

मग भांड्यातली आमटी त्यांनी ताटात ओतून घेतली, चव घेतली, म्हणाले, "मीठ कमी हाय," आणि रिकामं भांडं माझ्या हातात दिलं.

मी बाहेर आलो. गल्ली दारादारांत बसलेली. माझ्या तोंडात एक वाक्य होतं आणि ते टाकलं असतं तर आण्णा जन्मभराची टिंगल झाले असते. आरतीचं ताट माझं, कट्टा माझा, अर्धा तास माझा. सलूनवाला उठून आला.

"काय झालं मालक? लई शिट्ट्या झाल्या आज."

मी तोंड उघडलं. पलीकडं संगीता तिच्या उंबऱ्यात उभी होती आणि आमच्याकडं बघत होती. तिच्या आतल्या चुलीवर त्या वेळी काय होतं मला माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की आण्णांच्या कानाचा धाक गेला की उद्यापासून या गल्लीत परत पाणी शिजणार, आणि लोक दारात उभं राहून दात कोरणार.

"पाय घातल्यात शिजायला," मी म्हणालो. "बोकडाच्या पायांना शिट्ट्या जास्त लागत्यात."

"बघा," सलूनवाला म्हणाला. "कशाला किती शिट्ट्या लागतात ते आण्णांनाच कळावं."

मी घरी गेलो आणि उशीत तोंड घालून पडलो.

पुढं जे चाललं ते कुणी सोसलं असतं असं मला वाटत नाही. रोज संध्याकाळी आण्णा खटका पाडायचे, आणि मी कट्ट्यावर उभं राहून गल्ली ऐकायचो. जिथली शिट्टी झाली त्या बाजूचा खांदा झटकायचो, पीठ उडवल्यासारखा. जिथली नाही झाली तिकडं नुसतं बघायचो. आण्णा माझ्याकडं बघून मोठ्यानं सांगायचे, "वरच्या चाळीत शेवटच्या घरात कायतरी बिनसलंय." लोक म्हणायचे, काय कान हो. कान माझे, डबे माझे, कीर्ती त्यांची. मी खांदे झटकून झटकून असा झालो की नवीन माणसांना वाटायचं, मालकाला झटके येतात.

मग त्यांची मुलगी आली आणि त्यांना नगरला घेऊन गेली. निरोपाला सगळी गल्ली जमली. कुणीतरी मागून विचारलं, "आण्णा, तिकडं कुणाच्या शिट्ट्या ऐकणार?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ओठ हलवून प्रश्न सांगितला. "तिकडं बी घरं हायतच की," ते म्हणाले. गाडीत बसताना मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी चार लोकांत काहीतरी बोलतील. म्हणाले, "डबे बघत जा. आणि गॉगल लावत जाऊ नगंस."

अजून मी दिवेलागणीला गिरणी बंद करतो. नवीन गिऱ्हाईक कुरकुरलं तर सांगतो, पट्टा गरम झालाय. मागच्या आठवड्यात एका ड्रायव्हरचं बिऱ्हाड गल्लीत आलं. पहिल्या दिवशी डबा आला, मग आलाच नाही. काल त्यांच्या घरातून शिट्टी झाली तेव्हा बाई दारात उभी राहून गल्लीकडं बघत होती. मी बायकोकडून भांडं घेतलं, गेलो आणि दार जोरात ठोकलं.

तिनं दार उघडलं. भांड्याकडं बघितलं, माझ्या पिठानं भरलेल्या अंगाकडं बघितलं.

"इथं कोण आण्णा होते म्हणं," ती म्हणाली. "नुसत्या शिट्टीवरनं ओळखायचे म्हणं सगळं. त्यांनी पाठवलं काय तुमाला?"

या बाईनं त्या माणसाला बघितलेलंसुद्धा नव्हतं. मी दाढा आवळल्या.

"ही आमटी खारट झालीया काय ते सांगा," मी म्हणालो. "आणि भांडं मोकळं करा. मला आत्ता पाहिजे."